एकविसावे गुणसूत्र : डाउन सिंड्रोमच्या संशोधनाचा इतिहास

दरवर्षी २१ मार्च हा दिवस ‘जागतिक डाउन सिंड्रोम दिन’ म्हणून पाळला जातो. २००६ साली त्यास प्रारंभ झाला. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०११ मध्ये ठराव करून २०१२ पासून त्यास मान्यता दिली. एकविसाव्या क्रमांकाची गुणसूत्रे दोनाऐवजी तीन असणे हे या अवस्थेचे कारण, म्हणून एकविसावी तारीख आणि तिसरा महिना. हे कारण वैद्यकशास्त्राला कळण्यास १९५९ साल उजाडावे लागले. ते आपल्या घराघरांत पोहोचले आहे किंवा नाही, याचा प्रत्यय मला नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील एका घरी आला.

अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हा तालुका; खंडेश्वराचे हेमाडपंती देऊळ ही त्याची जुनी ओळख, आणि चहूकडे कपाशी, सोयाबीन, तुरीची शेते. घरात दोन वर्षांचा नातू होता. डोळे किंचित तिरपे, नाक बसके, मान अजूनही थोडी सैल, आणि चेहऱ्यावर मोठे गोड हसू. आजीबाईंनी सुनेकडे बोट दाखवून मला सांगितले, “फादर, इनं गिरान पाळलं नाई, म्हनून तं असं झालं.” सून काही बोलली नाही. ती चुलीपाशी बसून राहिली. ग्रहणाचा दोष, पूर्वजांचे पाप, आईचा हलगर्जीपणा, पोटुशी असताना पाहिलेले काही अशुभ! अशी कारणे मी गेल्या तीस वर्षांत अनेक घरांतून ऐकली आहेत, आणि आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतूनही ऐकली आहेत, हे नमूद केले पाहिजे. विज्ञानानेही सुमारे शतकभर याच वाटेने चाचपडत प्रवास केला, म्हणून तो इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहे.

लंडनजवळचे एक रुग्णालय

जॉन लँग्डन डाउन यांचा जन्म १८२८ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात झाला. १८५८ साली ते सरे परगण्यातील अर्ल्सवुड येथील मतिमंदांच्या आश्रमाचे वैद्यकीय प्रमुख झाले. त्या काळी अशा संस्था म्हणजे बहुधा कोंडवाडेच असत. डाउन यांनी तेथे शारीरिक शिक्षा बंद केली, स्वच्छता आणली आणि मुलांना हस्तकला शिकविण्यास आरंभ केला. मुलांची छायाचित्रे ते स्वतः काढीत. त्यांच्या ध्यानात आले की, आश्रमातील काही मुले एकमेकांची सख्खी भावंडे वाटावीत इतकी सारखी दिसतात, मग त्यांचे आईबाप कोणीही असोत. १८६६ साली त्यांनी हे निरीक्षण निबंधरूपाने प्रसिद्ध केले.

निरीक्षण अचूक होते, स्पष्टीकरण मात्र साफ चुकीचे. त्या काळच्या वंशविचाराच्या प्रभावाखाली त्यांनी या मुलांच्या चेहऱ्याची तुलना मंगोल वंशाच्या लोकांशी केली आणि त्यांना तेच नाव दिले. आईबापांना झालेला क्षयरोग हे त्यांनी मुख्य कारण मानले. आज हे वाचताना मन खट्टू होते. तथापि न्यायबुद्धीने आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. मानवी वंश मुळातच वेगवेगळे आहेत, असे म्हणून गुलामगिरीचे समर्थन करणारे अनेक विद्वान त्या काळी होते. एका वंशाच्या आईबापांपोटी दुसऱ्या वंशाच्या चेहऱ्याचे मूल जन्मते, यावरून सारी मानवजात एकच आहे, असा निष्कर्ष डाउन यांनी काढला. चुकीच्या पायऱ्यांवरून ते योग्य ठिकाणी पोहोचले म्हणावयाचे! १८६८ साली पत्नी मेरी यांच्यासह त्यांनी लंडनजवळ नॉर्मन्सफील्ड ही स्वतःची संस्था काढली व तेथे मुलांसाठी नाट्यगृहही बांधले. १८९६ साली ते निवर्तले. त्यांच्या निधनानंतर १९०५ साली त्यांच्या मुलाला जो मुलगा झाला, तो याच अवस्थेसह जन्मला. आजोबांच्याच नावाने, जॉन या नावाने, तो त्या कुटुंबात वाढला.

‘मंगोल’ हे नाव पुढे जवळजवळ शंभर वर्षे टिकले. १९६१ साली १९ शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकास पत्र लिहून ते बदलण्याची मागणी केली, आणि १९६५ साली मंगोलिया देशाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडून दिले. आपल्याकडील जुन्या डॉक्टरांच्या तोंडी मात्र ‘मंगोल बेबी’ हा शब्द पुढेही कित्येक वर्षे राहिला. वाचकांनी तो वापरू नये आणि कानी पडल्यास सौम्यपणे दुरुस्त करावा.

दोष कोणाचा?

डाउन यांच्यानंतर कारणांची यादी लांबतच गेली. क्षय झाला, मग उपदंश आला, मग बापाची दारू, मग कंठस्थ ग्रंथीचा बिघाड. १९०९ साली शटलवर्थ या इंग्रज डॉक्टरांनी दाखवून दिले की, ही मुले पुष्कळदा मोठ्या कुटुंबातील शेंडेफळे असतात. त्यावरून, बाळंतपणांनी थकलेल्या आईच्या पोटी अपुरे घडलेले मूल जन्मते, अशी समजूत रूढ झाली. आजीबाईंच्या ग्रहणात आणि या समजुतीत फरक फक्त पदवीचा होता. दोन्हींचा रोख आईवरच होता.

ही गाठ सोडविण्याचे काम लायोनेल पेनरोज यांनी केले. १९३३ साली त्यांनी १५० कुटुंबांची माहिती तपासून आईचे वय, बापाचे वय आणि मुलाचा क्रमांक यांचा प्रभाव गणिताने वेगवेगळा काढला. बाळंतपणांची संख्या किंवा बापाचे वय यांना महत्त्व नाही, संबंध आहे तो केवळ आईच्या वयाशी, असे सिद्ध झाले. थकवा, व्यसन, पाप हे सारे मुद्दे एका झटक्यात बाद झाले. तरी वय का महत्त्वाचे, हे कोडे उरलेच. १९३२ साली वार्डेनबर्ग या डच नेत्रवैद्याने तर्क मांडला होता की, बीजपेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी चुकत असावी. पण ते पाहणार कसे? मानवी पेशीत गुणसूत्रे किती, हेच तेव्हा नक्की ठाऊक नव्हते. ४८ असा आकडा पाठ्यपुस्तकांत छापला जात होता. इंडोनेशियात जन्मलेले जो हिन त्जिओ आणि त्यांचे सहकारी अल्बर्ट लेवान यांनी स्वीडनमधील लुंड येथे स्वच्छ पेशी पाहून तो खोडला आणि १९५६ साली खरा आकडा जाहीर केला : ४६, म्हणजे २३ जोड्या.

पॅरिसमधील तीन नावे

येथून कथा पॅरिसमध्ये येते. रेमंड तुर्पां हे तेथील बालरोगतज्ज्ञ अनेक वर्षे या मुलांचा अभ्यास करीत होते आणि कारण गुणसूत्रांत असावे, असा त्यांचा कयास होता. त्यांच्या विभागात १९५६ साली मार्थ गोतिए ही तरुण डॉक्टर रुजू झाली. १९२५ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेली ही महिला अमेरिकेत बॉस्टन येथे वर्षभर राहून आली होती आणि प्रयोगशाळेत पेशी वाढविण्याचे तंत्र शिकून आली होती. फ्रान्समध्ये ते तंत्र नवे होते. रुग्णालयाने तिला एक रिकामी खोली, शीतकपाट आणि जुना सूक्ष्मदर्शक दिला. पैसा नव्हता. पेशी वाढविण्यास लागणाऱ्या द्रवासाठी तिने एक कोंबडा विकत आणून पाळला, आणि मानवी रक्तजल हवे म्हणून स्वतःचेच रक्त काढून वापरले. प्रथम तिने निरोगी मुलांच्या पेशी वाढवून ४६ गुणसूत्रे मोजली. नंतर डाउन सिंड्रोम असलेल्या बालकाच्या पेशी वाढविल्या. एक छोटे गुणसूत्र जादा होते. ४७!

तिच्या सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा नव्हता. त्याच विभागात काम करणारे जेरोम लेज्यून यांनी काचपट्ट्या छायाचित्रणासाठी नेल्या. २६ जानेवारी १९५९ रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या वृत्तान्तात शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर लेज्यून यांचे नाव पहिले, तुर्पां यांचे शेवटचे आणि मधले नाव गोतिए यांचे होते. तेही चुकीच्या वर्णलेखनासह छापलेले. अवघ्या काही आठवड्यांनी पॅट्रिशिया जेकब्स व त्यांच्या एडिंबरा येथील सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष प्रसिद्ध केला. कोणत्याही मानवी विकाराचा गुणसूत्रांशी थेट संबंध प्रस्थापित होण्याचा हा आरंभकाळ होय.

लेज्यून यांचे नाव आपल्या वाचकांस परिचित असेल. ते श्रद्धावान कॅथोलिक होते, १९७४ साली परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या जीवनविषयक अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले. ३ एप्रिल १९९४ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, त्यांचे निधन झाले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांच्या कबरीपाशी जाऊन प्रार्थना केली आणि २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘वंदनीय’ घोषित केले. हजारो मुलांना त्यांनी स्वतः तपासले व आईबापांना त्यांनी धीर दिला, याविषयी दुमत नाही.

पण शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी मात्र दुमत आहे. गोतिए यांनी पन्नास वर्षांनी, २००९ साली, आपली हकिकत लिहिली. लेज्यून यांचे कुटुंबीय व चाहते जुन्या पत्रांच्या आधारे तिचा प्रतिवाद करतात. २०१४ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीतिसमितीने मत दिले की, जादा गुणसूत्राच्या शोधात लेज्यून यांचा वाटा मुख्य असण्याची शक्यता कमी; तो शोध जगापुढे नेण्यातील त्यांचा वाटा मात्र मोठा. गोतिए २०२२ साली मरण पावल्या. आपल्या चर्चमध्ये हा इतिहास सांगितला जातो, तेव्हा अनेकदा एकच नाव घेतले जाते. माझ्या मते हे योग्य नव्हे. लेज्यून यांचे पावित्र्य गोतिए यांच्या श्रमांवर पडदा टाकून राखण्याची गरज नाही.

हे घडते कसे?

मूल होताना आईकडून २३ आणि बापाकडून २३ गुणसूत्रे येतात. बीजपेशी तयार होताना एखादी जोडी विलग न होता एकत्रच राहिली, तर गर्भात ते गुणसूत्र तीन होते. सुमारे ९५ टक्के मुलांत हेच घडलेले असते. तीन ते चार टक्क्यांत जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्रास चिकटलेले असते; हा प्रकार पोलानी व सहकाऱ्यांनी १९६० साली दाखविला. उरलेल्या एक-दोन टक्क्यांत काही पेशींत ४६ आणि काहींत ४७ असे मिश्रण असते. दुसरा प्रकार कधी कधी आईबापांपैकी एकाकडून चालत आलेला असतो, आणि तसे असल्यास पुढील मुलातही तो येण्याची शक्यता वाढते. म्हणून बाळाची गुणसूत्र-तपासणी एकदा करून घेणे आवश्यक असते, केवळ चेहरा पाहून थांबू नये.

चूक बहुतेक वेळा स्त्रीबीजातच घडते, हे खरे. पण येथेच नीट समजून घेण्याजोगी गोष्ट आहे. स्त्रीची बीजे ती स्वतः तिच्या आईच्या उदरात असतानाच तयार होऊ लागतात आणि पुढे पंचवीस, तीस, चाळीस वर्षे अर्धवट अवस्थेत थांबून राहतात. त्या दीर्घ प्रतीक्षेत गुणसूत्रांना धरून ठेवणारे बंध सैल होतात, असे आज मानले जाते. म्हणून पंचविशीत साधारण साडेबाराशे जन्मांत एक, पस्तिशीत सुमारे साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक असे प्रमाण वाढते. गरोदरपणी काय खाल्ले, काय पाहिले, ग्रहणात विळी हाती घेतली की नाही, याच्याशी त्याचा काडीइतका संबंध नाही. गर्भधारणा होते त्या क्षणी गुणसूत्रांची संख्या ठरून गेलेली असते. मी त्या आजीबाईंना हेच सांगितले, आणि ते बीज तर तुमची सून जन्मण्यापूर्वीचे, असेही म्हटले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

आपल्या देशात बहुतांश अशी मुले तरुण मातांच्या पोटी जन्मतात, कारण एकूण बाळंतपणेच तरुण वयात होतात. ‘पस्तिशीच्या आत काळजी नाही’ ही समजूत त्यामुळे फसवी आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉ. आय. सी. वर्मा व सहकाऱ्यांनी दिल्ली, मुंबई आणि बडोदे येथील ९४ हजारांहून अधिक नवजात बालकांची पाहणी केली. सुमारे ११५० जन्मांमागे एक, असे प्रमाण त्यांना आढळले. हे प्रमाण इतर देशांहून फारसे वेगळे नाही. जात, धर्म, देश, अन्न यांनी त्यात फरक पडत नाही.

ज्ञानाची दुसरी बाजू

१९६६ साली गर्भजलातील पेशी वाढवून गुणसूत्रे मोजता येतात, हे सिद्ध झाले आणि दोनच वर्षांनी गर्भातील डाउन सिंड्रोमचे पहिले निदान झाले. भारतात १९७०च्या दशकाच्या मध्यास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ही तपासणी व्यंगनिदानासाठी सुरू झाली. त्या पेशींत मुलगा की मुलगी हेही दिसते, हे लोकांच्या लक्षात येण्यास वेळ लागला नाही. व्यंगासाठी आणलेली सुई मुलींच्या जिवावर उठली. मुंबईतील स्त्री-संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्ते यांच्या लढ्यानंतर १९८८ साली महाराष्ट्राने देशातील पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ साली आला. गुणसूत्रांच्या दोषासाठी तपासणी करण्यास त्या कायद्याने वाव ठेवला आहे. आता २०११ पासून आईच्या रक्तातील गर्भाच्या डीएनएवरूनही चाचणी होते. ती अंदाज देते, पक्के निदान नव्हे, हे सांगण्यास पुष्कळदा विसरले जाते.

निदानानंतर काय, हा प्रश्न लेज्यून यांना आयुष्यभर छळत राहिला. मुलांना बरे करण्यासाठी उघडलेले दार त्यांना नाहीसे करण्यासाठी वापरले जाते, हे त्यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मोठा पुरस्कार स्वीकारताना सहकाऱ्यांसमोरच मांडले, आणि त्यामुळे अनेक मित्र गमावले. ख्रिस्तसभेची भूमिका वाचकांस ठाऊक आहे. न्यायालयापुढेही हा प्रश्न आला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये महाराष्ट्रातील एका महिलेने सव्विसाव्या आठवड्यात, गर्भास डाउन सिंड्रोम असल्याने गर्भपाताची परवानगी मागितली होती. नागपूरचे सुपुत्र न्या. शरद बोबडे व न्या. नागेश्वर राव यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने ती नाकारली. २०२१ च्या दुरुस्तीने कायद्याची मुदत वीसवरून काही स्त्रियांसाठी चोवीस आठवडे केली, आणि गंभीर व्यंगाच्या बाबतीत निर्णय वैद्यकीय मंडळाकडे सोपविला. या आईबापांना दूषणे देणे सोपे आहे. जन्मलेल्या मुलाला सांभाळण्यास आपला धर्मग्राम त्यांच्यासोबत किती उभा राहतो, हे विचारणे अवघड.

उपचाराने काय साधले

जादा गुणसूत्र काढून टाकता येत नाही. २००० साली एकविसाव्या गुणसूत्राचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला व त्यावर २२५ जनुके मोजली गेली. २०१३ साली अमेरिकेत प्रयोगशाळेतील पेशींमध्ये जादा गुणसूत्र निष्क्रिय करण्यात यश आले; ते अद्याप रुग्णापर्यंत आलेले नाही. अल्झायमरशी निगडित प्रथिनाचे जनुक याच गुणसूत्रावर आहे, म्हणून या व्यक्तींना विस्मृतीचा विकार लवकर गाठतो. त्यांच्या अभ्यासातूनच त्या आजाराचेही बरेच आकलन झाले.

खरी क्रांती झाली ती साध्या उपचारांनी. १९२९ साली इंग्लंडमध्ये या मुलांचे सरासरी आयुर्मान ९ वर्षे मानले जाई. आज प्रगत देशांत ते ६०च्या आसपास आहे. जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयविकार असतो आणि पूर्वी ‘अशा मुलाची शस्त्रक्रिया कशाला?’ म्हणून ती टाळली जात असे. शस्त्रक्रिया होऊ लागली, छातीच्या संसर्गाला प्रतिजैविके मिळाली, थायरॉइड, कान, डोळे यांची नियमित तपासणी होऊ लागली, आणि मुले जगली. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात दोषांमध्ये डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते आणि बालकास जिल्हास्तरीय केंद्रात पाठविते. त्या दिवशी मूल घरी लपवून ठेवू नये, एवढीच विनंती.

शिक्षणाचा आरंभ आपल्या राज्यात आईबापांनीच केला. मुंबईत १९४४ साली वकील या पारशी दांपत्याने डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी वर्ग काढला. तीच आजची जय वकील संस्था. आणि ज्यांना आईबापच नाहीत, त्यांच्यासाठी आपल्याच अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे, शंकरबाबा पापळकर उभे राहिले. टाकून दिलेल्या मतिमंद व मूकबधिर मुलांना त्यांनी आपले नाव दिले. अठराव्या वर्षी अशा मुलांना बालगृहाबाहेर काढणारा नियम बदलावा, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘आमच्यामागे याचे कोण?’ या प्रश्नासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावयाचा असतो.

निघताना आजीबाई दारापर्यंत आल्या. नातू सुनेच्या कडेवर होता. “मंग शाळेत घेतीन काय याले?” त्यांनी विचारले. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या बालकास सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी प्रथम दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे लागते. ते काढण्यासाठी कोणत्या दिवशी अमरावतीला जावयाचे, हे ठरवूनच आम्ही उठलो.